मुक्तिदात्यांचा पुळका

फ्रेंच सत्ताधाऱ्यांना मुस्लिम स्त्रीच्या ‘मुक्ती’चा पुळका आजचा नव्हे. मे १९५८ मध्ये अल्जियर्सच्या चौकात लष्कराच्या आशीर्वादाने स्त्रियांचे बुरखे उतरविण्याचे सोहळे झाले. आदल्याच वर्षी तेच लष्कर त्याच शहरात स्वातंत्र्ययोद्ध्यांचा अनन्वित छळ करीत होते! वसाहत गेली, वृत्ती राहिली. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांतून हिजाब हद्दपार झाला, २०२३ मध्ये अबायाही.

फ्रान्समध्ये राबणाऱ्या स्थलांतरित अल्जीरियन, मोरोक्कन स्त्रियांपैकी पुष्कळजणी म्हणतात की, अंग झाकणे ही आमची श्रद्धा आहे, नवऱ्याचा हुकूम नव्हे. मार्क्सवाद्याने ही श्रद्धा स्वीकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु इराणात १९८३ पासून कायद्याने हिजाब लादणारे मुल्ला काय किंवा पॅरिसात तो काढावयास लावणारे मंत्री काय, तिला विचारतो कोण? पहाटे कार्यालये झाडणारीच्या डोक्यावरचा रुमाल मात्र कोणा मालकाला खुपत नाही!