न जुळणारे पाळीपत्रक

समजा, मीरा रोडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील 22 सभासदांनी 22 रात्रींची गस्त वाटून घेतली आणि परिचय सर्वांशी सारखाच व्हावा, या सद्हेतूने ठराव केला की, दर रात्री सातजण असावेत व कोणतेही दोघे नेमक्या दोनच रात्री एकत्र यावेत. तर पाळीपत्रकाची कामगिरी ज्या चिटणिसाच्या गळ्यात पडेल, तो महिनाभर कागद खोडीत बसेल आणि अखेर नालायकीचा ठपका पदरी घेईल. वस्तुतः दोष त्याचा नसून ठरावाचा आहे.

सभासदांच्या ओळी व रात्रींचे स्तंभ आखून हजेरीस एक आणि गैरहजेरीस शून्य मांडले की जे कोष्टक होते, त्याला गणितात आव्यूह म्हणतात. ओळींचे स्तंभ करून मिळणाऱ्या त्याच्याच प्रतिरूपाने त्याला गुणले असता भेटींचा हिशेब निघतो: कर्णावर सर्वत्र 7, अन्यत्र सर्वत्र 2. अशा ठेवणीच्या कोष्टकांची आपसांत बेरीज करा वा गुणाकार, ठेवण मोडत नाही. परंतु शून्य-एकाच्या कोष्टकांत या भेटींच्या कोष्टकाचे अवयव पाडू गेल्यास दहावीच्या पुस्तकात भेटलेला निश्चयक आडवा येतो. भेटींच्या कोष्टकाचा निश्चयक म्हणजे 49 गुणिले 5 चा एकविसावा घात. आणि तो हजेरीच्या निश्चयकाचा, अर्थात एका पूर्णांकाचा, वर्ग असला पाहिजे. 49 हा सातांचा वर्ग खरा, पण एकवीस पाचांच्या जोड्या लावता एक पाच एकटा उरतोच.

अशा रचनांच्या अशक्यतेचा हा निकष 1950 साली प्रसिद्ध करणाऱ्या शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनीच 1959 साली बोस व पार्कर यांच्यासह, ऑयलरने 1782 मध्ये अशक्य मानलेली दहा ओळींची चौरस-रचना शक्य करून दाखविली. पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी सांभाळला. अशक्य ते अशक्य म्हणून सिद्ध करणे आणि केवळ तसे मानलेले ते करून दाखविणे, ही एकाच विद्येची दोन अंगे होत.

आमच्या वर्गांत मात्र ओळीने स्तंभ गुणण्याची हमाली तेवढी शिकविली जाते; आलेल्या गुणाकाराचे अवयव पडतील काय, हा प्रश्न विचारण्याची फुरसत कोणास नसते. तो प्रश्न विद्यार्थिदशेतच अंगवळणी पडला, तर उद्या ठराव मंजूर करणारे हात वर होण्यापूर्वी क्षणभर थबकतील, आणि चिटणिसाच्या खोडरबराची झीज वाचेल.