शिर्डीला जा, पण सातबारा मोडू नका

दसरा झाला की पाटोदा तालुक्यात घराघरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात. आता काही तरुण बांधावर भेटले की विचारतात, "साहेब, दरसाल ऊस तोडण्यापेक्षा बिऱ्हाडच शिर्डीला हलवलं तर?" प्रश्न रास्त आहे. दोन्ही बाजू तोलून पाहू.

आधी फायदा. लॉज, खानावळी, हारफुले, प्रसाद, गाड्या, अशी नाना कामे तिथे मिळतात. २०१७ साली विमानतळ सुरू झाल्याने दूरचा भाविकही येऊ लागला. उचलीचे ओझे नाही. मुख्य म्हणजे पोरांची शाळा एका जागी राहते. कोपीवर ती अर्ध्या वर्षात सुटते. ही बाब लहान समजू नका.

आता दुसरी बाजू. तिथली कमाई दुसऱ्याच्या सुट्टीवर चालते. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याला हात पुरत नाहीत. एरवी गर्दी ओसरते, खोलीभाडे मात्र ओसरत नाही. आपल्या सौताड्याचेच बघा ना! धबधबा पडतो तोवर गिऱ्हाईक, धार आटली की चहाची टपरीही बंद. शिर्डी त्याहून कितीतरी मोठी, पण गणित तेच. करोनात १७ मार्च २०२० ला मंदिर बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला उघडले. ५ एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाले, ते थेट ७ ऑक्टोबरला उघडले. दोन्ही मिळून सुमारे चौदा महिने! त्या काळात ज्याच्या नावावर दोन एकर होते, त्याला परतायला जागा होती. पेरणीला बंदी नव्हती.

म्हणून सांगणे एवढेच, की जायचे तर जा, पण जमीन विकून खोली घेऊ नका. बालाघाटची बरड म्हणून तिला हिणवू नका. आधी एकट्याने जाऊन एक भरगर्दीचा आणि एक मंदीचा महिना काढा, मग बिऱ्हाड हलवा. रान भावाकडे किंवा बटईने दिले तरी पीक पाहणी चुकवू नका. २०२१ पासून ती मोबाईलवर, शेतात उभे राहून करावी लागते. सातबाऱ्यावर पीकच नसेल, तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

सरपंच मंडळींनीही गाव सोडणाऱ्यांची वही ठेवावी. गेलेला माणूस परत आला, तर त्याला नव्याने ओळख सांगावी लागू नये.