कशाच्या जागी काय?

हृदय सांभाळायचे तर काय खावे, याची महाराष्ट्रात आज इतकी उत्तरे मिळतात की ऐकणाऱ्याने गोंधळून जावे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि मधल्या वेळेत काही खाऊ नका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात, थोडे थोडे पण वारंवार खा, तूप-भाताला घाबरू नका. कोणी अंड्याचा पिवळा बलक टाकून द्यायला लावतो, कोणी चार अंडी खायला सांगतो. लोणंदसारख्या कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेत रोज कच्चा कांदा खाल्ला की रक्त पातळ राहते आणि झटका येत नाही, असे सांगणारेही भेटतात. या गदारोळातून बहुतेकजण ‘कोणाचेच ऐकू नका, आवडेल ते खा’ हा एकच निष्कर्ष काढतात, आणि तो सगळ्यात घातक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या राज्यनिहाय अभ्यासानुसार 1990 साली देशातील एकूण मृत्यूंपैकी 15.2 टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे होत होते; 2016 मध्ये हे प्रमाण 28.1 टक्के झाले. 52 देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका येण्याचे मध्यक वय 53 निघाले, इतर देशांत ते 59च्या आसपास होते. म्हणजे घरचा कर्ता माणूस ऐन उमेदीत जातो. अशा वेळी सल्ल्यांकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही, ते पारखायला शिकणे गरजेचे आहे. माझ्या मते ती पारख एका प्रश्नात आहे: हा पदार्थ खायचा तो कशाच्या जागी?

हा प्रश्न न विचारल्याने काय होते, याचा धडा लोणंदच्या शेजारीच सापडतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर अनेक वर्षे मोलाचे काम केले, बिनकाटेरी संकरित वाण तयार केले. करडई हे आपल्या कोरडवाहू रानातले जुने पीक, ज्वारीच्या कडेने पेरले जाणारे. तिच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्ल असते आणि ते रक्तातले कोलेस्टेरॉल कमी करते. त्यामुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे तेल एकदम ‘हृदयाचे तेल’ झाले. ‘सफोला’च्या जाहिरातींनी ते मध्यमवर्गीय घरांत नेले आणि ज्याला झटका येऊन गेला त्याच्या स्वयंपाकात करडईचे तेल आलेच पाहिजे, असा जणू दंडक पडला. त्यामागचा तर्क सरळ होता. कोलेस्टेरॉल वाढले की झटका येतो, करडईने कोलेस्टेरॉल उतरते, म्हणून करडईने झटका टळतो.

हा तर्क ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात 1966 ते 1973 या काळात प्रत्यक्ष तपासला गेला. नुकताच हृदयविकाराचा त्रास झालेल्या 458 पुरुषांपैकी काहींच्या आहारातील लोणी व प्राणिज चरबी काढून त्या जागी करडईचे तेल आणि त्याच तेलाचे मार्गरिन, म्हणजे लोण्यासारखा पदार्थ, देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. पण 2013 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या चाचणीच्या जुन्या आकड्यांचे फेरविश्लेषण आले, तेव्हा दिसले की करडईच्या गटात 17.6 टक्के लोक दगावले होते आणि दुसऱ्या गटात 11.8 टक्के. यावरून करडई विषारी ठरवणे जितके चूक, तितकेच कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे असे म्हणणे चूक. चाचणी लहान होती, आणि त्या काळच्या मार्गरिनमध्ये आज घातक ठरलेले ट्रान्स फॅट असण्याची शक्यता होती. वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्या चोंदवते, हे औषधांच्या मोठमोठ्या चाचण्यांनी आणि अनुवंशशास्त्राने पक्के केले आहे. सिडनीचा धडा वेगळा आहे. रक्ततपासणीच्या कागदावरचा आकडा उतरला म्हणजे माणूस वाचलाच असे नव्हे, आणि एक वस्तू काढताना तिच्या जागी काय आणले यावर सगळा परिणाम ठरतो.

हे सूत्र धरले की परस्परविरोधी वाटणारे कितीतरी निष्कर्ष एका ओळीत येतात. 1980च्या सुमारास अमेरिकेत चरबी कमी करण्याचा अधिकृत सल्ला सुरू झाला. लोकांनी ताटातली चरबी कमी केली, पण तिच्या जागी मैदा आणि साखर आली, आणि अपेक्षित फायदा मिळाला नाही. यात साखर उद्योगाचाही हात होता. 1967 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, साखरेला पाठीशी घालून चरबीवर बोट ठेवणाऱ्या लेखासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते, हे 2016 मध्ये कागदपत्रांनिशी उघड झाले. 2017 चा ‘प्युअर’ हा 18 देशांतील अभ्यास भारतात ‘चरबी निर्दोष’ अशा मथळ्यांनी गाजला. तो निरीक्षणात्मक होता, आणि त्याचे नेमके म्हणणे असे होते की ज्यांच्या जेवणात पिष्टमय पदार्थांचा वाटा फार मोठा आहे त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते. उलट कॉक्रन संस्थेने 2020 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासून सांगितले की तूप-लोण्यात असते तशी संपृक्त चरबी किमान दोन वर्षे कमी ठेवली तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे 17 टक्क्यांनी कमी होतात. वरवर पाहता ही भांडणे आहेत. जागेचा प्रश्न विचारला की कळते, तुपाच्या जागी शेंगदाणा तेल आले तर लाभ होतो. तुपाच्या जागी साखर आणि मैदा आला तर होत नाही.

दीक्षित आणि दिवेकर यांच्या सल्ल्यांकडेही असेच पाहावे. दोन्ही पद्धतींचे पाठीराखे हिरिरीने भांडतात, पण यांपैकी कोणत्याही पद्धतीने हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दाखवणारी दीर्घकाळची मोठी चाचणी झालेली नाही. तरीही दोन्हीकडच्या कितीतरी लोकांना बरे वाटते, वजन उतरते. त्याचे कारण मला असे दिसते की दोघांनीही ताटाबाहेर काढलेली वस्तू बरीचशी एकच आहे. दोनदाच जेवायचे म्हटले की दिवसभराचा साखरेचा चहा, त्यात बुडवलेली खारी, टोस्ट आणि बिस्किटे आपोआप सुटतात. घरचे आणि ऋतूप्रमाणे खा म्हटले की पाकिटातले फरसाण आणि बेकरीचा माल सुटतो. वाद किती वेळा खायचे यावर रंगतो, फायदा मात्र काय सुटले यातून होत असावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत, एवढी खबरदारी मात्र हवी.

‘आमच्या आज्याने जन्मभर तूप-दूध खाल्ले आणि तो नव्वदी गाठून गेला,’ हा या विषयावरचा नेहमीचा आक्षेप आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, जे नव्वदीपर्यंत पोचले त्यांचीच आठवण सांगितली जाते. जे पन्नाशीत गेले ते कशाने गेले, हे अनेकदा कोणी तपासलेच नाही. दुसरे, त्या तुपाखाली बाजरी-ज्वारीची भाकरी होती, जोडीला हुलगा, मटकी किंवा पालेभाजीचे कोरड्यास होते, आणि दिवसभराचे अंगमेहनतीचे काम होते. नीरा उजव्या कालव्याने फलटणच्या बाजूला ऊस आणला, रेशनने गहू-तांदूळ स्वस्त केले, रानातली करडई हटत गेली आणि नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. या बदलांनी पोटभर अन्न दिले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ताट बदलले आणि श्रम घटले हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की आपल्याकडे 50 ते 70 टक्के ऊर्जा धान्यांतून येते, ती 45 टक्क्यांपर्यंत असावी. आणि डाळी, मासे, मांस यांतून 14 टक्के यायला हवी तिथे 6 ते 9 टक्केच येते. म्हणजे आजचा खरा प्रश्न चमचाभर तुपाचा कमी आणि तिसऱ्या चपातीच्या जागी वाटीभर उसळ येते की नाही याचा जास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे संशोधन परदेशी, त्याचा आपल्या भाकरीशी काय संबंध? स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा दिलेल्या लोकांत हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाल्या. चाचणीतील काही त्रुटींमुळे लेख मागे घेऊन 2018 मध्ये सुधारून पुन्हा छापावा लागला, तरी निष्कर्ष साधारण तोच राहिला. म्हणून लोणंदच्या माणसाने महागडे ऑलिव्ह तेल आणावे असे मी म्हणणार नाही. शेंगदाणे खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी आढळतात, असे निरीक्षणात्मक अभ्यास सांगतात, आणि शेंगदाणा आपल्या घरात आहेच. फरसाणाच्या जागी मूठभर भाजलेले, खारे नसलेले शेंगदाणे आले की तत्त्व तेच राहते. मिठाबाबत तर पुरावा खेड्यांतलाच आहे. चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21,000 लोकांवर झालेल्या चाचणीत निम्म्या खेड्यांना साध्या मिठाच्या जागी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. 2021 मध्ये निकाल आला: पक्षाघात 14 टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू 12 टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरावे. खर्डा, लोणचे, पापड रोजच्या पानात असणाऱ्या आपल्या भागात, जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला 5 ग्रॅम मिठाची मर्यादा सहज ओलांडली जाते.

राहिला शेवटचा आक्षेप: शास्त्रज्ञच दर दहा वर्षांनी मत बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा? मत बदलले ते सुट्या पदार्थांबद्दल. अंड्याबद्दल बदलले, 2015 मध्ये अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी रोजच्या 300 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळली. न बदललेले बरेच आहे. तंबाखू सोडा, मीठ कमी करा, भाज्या आणि कडधान्ये वाढवा, साखरेची पेये टाळा, हालचाल करा, हे कोणत्याही गंभीर संशोधकाने मागे घेतलेले नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटविरुद्धचा पुरावा वाढतच गेला आणि 2022 पासून भारतात तेल-तुपातील त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली गेली. कांदाही याच कसोटीवर ठेवावा. तो भाजी म्हणून चांगला आहे, मिठाच्या लोणच्याच्या जागी कच्चा कांदा घेतला तर उत्तमच. पण रक्तदाबाच्या गोळीच्या जागी घेतला तर तो जीवावर बेतू शकतो. आहार औषधाची गरज कधी कमी करतो, पण ते ठरवायचे रक्तदाब आणि साखर मोजून.

डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि आम्हा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘हे खा’ किंवा ‘हे टाळा’ एवढेच सांगून थांबू नये. त्याऐवजी काय, ते घराच्या बजेटात बसेल असे सांगावे. आणि वाचकांनी पुढच्या वेळी कोणताही सल्ला ऐकला की तीन गोष्टी विचाराव्यात: कशाच्या जागी, झटके कमी झाले की नुसता आकडा, आणि सांगणारा काही विकतो आहे का. एवढे विचारले तर बहुतेक भांडणे तिथेच मिटतील. मग या आठवड्यापासून चहाबरोबरच्या खारीच्या जागी शेंगदाणे आणि एका चपातीच्या जागी मटकीची उसळ, इतका बदल जरूर करा.