अज्ञात फळ ओळखीचं होतं तेव्हा



सिंगापूरला मुलाकडे दोन महिने राहून पर्युषणाआधी सातपाटीला परतले. गेले तेव्हा आर्द्रा नक्षत्र लागलं होतं, म्हणजे आंबा बंद. पुढे चातुर्मास बसला, पालेभाज्याही गेल्या. सूनबाई बिचारी न्यूझीलंडची सफरचंदं आणून फ्रीज भरायची. इमारतीखालच्या फळवालीकडे मात्र जांभळ्या, गोल फळांचे ढीग लागलेले. मँगोस्टीन. मी हात लावत नव्हते. आपल्या बावीस अभक्ष्यांत ‘अज्ञात फळ’ आहे ना!

एक दिवस त्या चिनी आजीबाईंनी फळ उलटं करून दाखवलं. बुडाशी फुलासारखी खूण होती, तिला सहा पाकळ्या. फळ फोडलं तर आत पांढऱ्याशुभ्र सहा फोडी! मी कॉमर्सवाली, हिशेब जुळला की बरं वाटतं. मुलाने माहिती काढली. हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, शेजारच्या मलेशियातून येणारं. म्हणजे आपल्या रातांब्याचं भावंडच की! बिया मोजक्या, त्याही मोठ्या फोडींतच. देठाजवळच्या पाकळ्यांखाली मुंग्या दडतात, म्हणून तिथे नीट बघून, जयणेने झटकून घ्यायचं. मग मात्र खाल्लं. गोड, किंचित आंबट, तोंडात विरघळणारं. पुढे रामबुतानही खाल्लं. वरून केसाळ, आत लिचीसारखं, एका बीचं. ड्युरियनच्या वाटेला मात्र गेले नाही. तिथल्या मेट्रोतही ते न्यायला बंदी आहे, त्यावरून वासाची कल्पना करा.

जाऊबाईंना फोनवर सांगितलं तर त्या रागावल्या, “परदेशात गेलीस आणि नियम सोडलास?” त्यांचं बोलणं मनाला लागलं. रात्रभर विचार केला. मला वाटतं, नियम सोडला नाही, पाळला. नाव, गुण माहीत नसलेलं फळ विषारी असू शकतं, जीवावर बेतू शकतं, म्हणून ते वर्ज्य. नाव, झाड, बी, आतले जीव, सगळं समजून घेतल्यावर ते अज्ञात कसं राहील? ‘नको’ म्हणणं सोपं असतं, विचारपूस करायला कष्ट पडतात.

आपला चिकूच घ्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, आपण तो अभिमानाने पाहुण्यांपुढे ठेवतो. पण तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा. आपल्याकडेही कुणा सासूबाईंना तो कधीतरी अज्ञात फळच वाटला असेल!

म्हणून मुलांकडे परदेशी जाणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं, बॅगेत खाखरे जरूर न्या, पण फळं तिथलीच घ्या. आधी ओळख करून घ्या, शंका असेल तर महाराजसाहेबांना विचारा, मग चाखा. आणि इथे पालघरच्या बाजारात चकचकीत स्टिकर लावलेलं परदेशी फळ उचलतानाही हाच प्रश्न विचारा. ते तरी आपल्या ओळखीचं असतं का?

माझ्या समजुतीत काही चूक असेल तर मिच्छामि दुक्कडम्.