'आम्ही' आणि 'आपण'

परवा नातू म्हणाला, "आजोबा, आम्ही बागेत जाऊ या." मी विचारले, "मला घरी ठेवून?" तो गोंधळला. इंग्रजी शाळेत त्याला एकच 'वुई' शिकवलेला.

'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, 'आपण' म्हणजे त्याला धरून. इंग्रजीत हा भेद नाही. हिंदीचा 'हम'ही तो करीत नाही. संस्कृतातसुद्धा तो नव्हता. मराठीला तो द्राविडी शेजारामुळे लाभला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम'. आपल्या शेजारच्या गुजरातीतही 'अमे' आणि 'आपणे' आहेतच. दूर इंडोनेशियात 'कामी' आणि 'किता'. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेत तर 'यू' आणि 'मी' जोडून 'युमी' हा शब्द घडला. इंग्रजीत जे नव्हते, ते लोकांनी तिच्याच तुकड्यांतून उभे केले!

बँकेत असताना थकलेल्या कर्जासाठी एक शेतकरी आला होता. मी साहेबी थाटात म्हणालो, "आम्ही बघू काय करायचं ते." तो म्हणाला, "साहेब, आपण दोघं मिळून बघू." माझ्या 'आम्ही'त बँक होती, तो नव्हता. त्याच्या 'आपण'मध्ये मीही होतो. मी खुर्ची पुढे ओढली आणि कागद पुन्हा उघडले.

नातवाच्या शुद्धलेखनाच्या चुका मी सोडून देतो. ही मात्र सुधारतो. कारण हा शब्द गेला, तर समोरच्या माणसाला आपल्यात घेतले की नाही, हे सांगण्याची सोयच जाईल.