दारू सोडायला शपथ पुरत नाही, पद्धत लागते

आज पिकाबद्दल नाही, माणसाबद्दल लिहितोय.

आपल्याकडं दारू सोडवायचे दोनच उपाय. एक, देवापुढं शपथ. दुसरा, कुणीतरी आणलेली पुडी जेवणातून गुपचूप द्यायची. माळ घालून कायमची सुटलेली माणसं माझ्या बघण्यात आहेत, त्यांना नमस्कार. पण पुडी बंद करा. त्यातलं औषध पोटात असताना माणूस प्याला, तर जीवावर बेतू शकतं.

माझं मत सांगतो. पिण्याच्या आधी डोक्यात काय चालतं ते धरायला पाहिजे. तोड लांबली, सोसायटीचा हप्ता आला, छातीत धडधड सुरू. मनात येतं, "आता सगळं संपलं." पाठोपाठ, "एक घेतली की झोप लागंल." लागते, पण मोडकी. सकाळी धडधड आणखी जास्त. काळजी दारूला खत घालते आणि दारू काळजीला.

ही साखळी तोडायची पद्धत म्हणजे सीबीटी. कधी, कुठं, कुणाबरोबर प्यालो आणि त्याआधी मनात काय आलं, हे वहीत लिहायचं. आपण सापळ्यातले पतंग मोजून लिहितो तसंच. मग त्या विचाराला पुरावा मागायचा. तोड लांबली म्हणजे सगळं संपलं, का वजनात थोडी घट आली? बिल जमा होईल त्या दिवशी पैसे कुणाकडं द्यायचे, कुठल्या रस्त्यानं घरी यायचं, "एक घे की" म्हटल्यावर काय बोलायचं, हे आधीच ठरवायचं. तल्लफ चढते तशी उतरतेही. तेवढा वेळ कामात काढायचा.

हे शहरी चोचले नव्हेत. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर हे करून बघितलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी धोकादायक पिण्यातून ३६ टक्के बाहेर आले. नुसत्या नेहमीच्या उपचारानं २६. जादू नाही, पण शंभरात दहा घरं जादा वाचली.

उसाला हुमणी लागली की आपण कृषी सहायकाला बांधावर बोलावतो. तसा मनाचा माणूस प्रत्येक आरोग्य केंद्रात हवा. येत्या ग्रामसभेत मागणी करूया.

एक ताकीद: रोज लई पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा. बोलायचंच असलं तर टेलिमानस, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर घरच्यांनाही देऊन ठेवा.