स्पीकरच्या पेटीचा टवका

दिवाळीच्या आवराआवरीत दिवाणखान्यातील स्पीकरची उजवी पेटी सरकवताना तिचा कोपरा कपाटाच्या कडीवर आपटला आणि चिंचोक्याएवढा टवका उडाला. वस्तुतः हानी क्षुल्लक. परंतु जुन्या मधाच्या रंगाच्या त्या पॉलिशवर उघड्या लाकडाचा फिकट ठिपका येता-जाता दृष्टीला खुपू लागला. “अहो, सगळी पेटीच नव्याने पॉलिश करून घ्या ना,” असे सौभाग्यवतींनी सुचविले. सूचना व्यवहाराला धरून होती, पण माझे मन धजेना. त्याला कारण डावी पेटी.

या दोन्ही पेट्या वडिलांनी १९७४ साली दांडिया बाजारातील आमच्या घरी सुतार बसवून करवून घेतल्या होत्या. उस्ताद फैयाजखाँ १९५० साली याच नगरीत निवर्तले. त्यांच्या तबकड्या मनासारख्या ऐकता याव्यात, एवढीच त्यामागची हौस. पुढे वीस वर्षांनी डाव्या पेटीचे दोन-तीन टवके उडाले, तेव्हा तरुणपणाच्या उत्साहात मी काचकागदाने तिचे सारे जुने पॉलिश खरवडून काढले आणि वर चकचकीत व्हार्निश चढविले. काम उत्तम झाले असेच मला वाटले. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली आरामखुर्ची तेवढी उचलून उजव्या पेटीशेजारी नेली. आज वडील नाहीत आणि त्यांच्या काळचे पॉलिश त्या एकाच पेटीवर उरले आहे.

या वेळी मात्र हात लावण्यापूर्वी मी संखेड्याच्या एका वृद्ध कारागिराला विचारले. संखेडा पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात गेले. तेथील खरादी सागवानाचे पाय आणि दांडे चरकावर फिरवीत त्यांवर लाख चढवितात. ते झोपाळे व पाळणे आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. ते गृहस्थ म्हणाले, “साहेब, घा भरवानो होय, चामडी उतारवानी न होय.” जखम भरायची, कातडी सोलायची नाही, हे मला तीस वर्षे उशिरा कळले.

या उपदेशामागे पदार्थाचा गुणही आहे. जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेला चपडा, अर्थात शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक कीटक आपल्या शरीरातून ही राळ स्रवतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असे; म्हणजे आत वाजणारे गाणे आणि बाहेरची झिलई, दोन्ही एकाच कीटकाचे देणे! लाखेचे वैशिष्ट्य असे की ती वाळल्यानंतरही स्पिरिटने पुन्हा मऊ होते. त्यामुळे नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. डाव्या पेटीवरच्या व्हार्निशला हा गुण नाही. त्याच्यावर दिलेला थर वेगळाच राहतो.

तेव्हा वाचकहो, प्रथम परीक्षा करावी. पेटीच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावावा. जागा चिकट झाली तर पॉलिश लाखेचे. तसे झाले नाही तर पुढची कृती तेथे लागू नाही. गुजरातेत दारूबंदीच्या कायद्यामुळे स्पिरिटवर निर्बंध आहेत आणि फ्रेंच पॉलिशही त्या कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून दोन्ही परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावीत. काम करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास देवघरातील निरांजनसुद्धा नसावे.

आरंभी स्पीकरच्या तारा सोडवून समोरची जाळी कापडाने झाकावी. लोखंडी तारेचा काथ्या घासण्यासाठी कदापि वापरू नये. त्याचा कीस स्पीकरमधील लोहचुंबकाकडे ओढला जातो आणि आवाज खरखरू लागतो. टवक्याच्या कडेचे सुटे कण टोकदार काडीने काढावेत. मग बशीत थोडे पॉलिश ओतून ते मधासारखे दाट होईपर्यंत उघडे ठेवावे. बशी चिनी मातीची असावी; लोखंडाच्या भांड्यात लाख काळवंडते. उघड्या लाकडावर आधी पातळ पॉलिशचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर गेरू, पिवडी आणि चिमूटभर काजळ यांचे मिश्रण करून रंग जुळवावा. रंग किंचित गडद झाला तर नजरेत भरत नाही. फिकट झाला तर लपत नाही.

यानंतर बारीक कुंचल्याने दाट पॉलिशचा एकेक थेंब खळग्यात सोडावा आणि प्रत्येक थेंबाला एक रात्र द्यावी. वाळताना लाख आकसते, म्हणून शेवटचा थेंब पृष्ठभागाच्या किंचित वर राहू द्यावा. मला सहा रात्री लागल्या. पुढे आठवडाभर थांबून ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या लहान ठोकळ्याला गुंडाळावा आणि जवसाच्या तेलाच्या थेंबासह तेवढाच उंचवटा हलक्या हाताने उतरवावा. शेवटी तेल पुसून पातळ पॉलिशचा बोळा त्या जागेवरून न थांबता एकदा फिरवावा. थांबला की खालचे पॉलिश उचलले जाते. हे सारे कोरड्या हवेत करावे. आषाढ-श्रावणातील दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते.

काम संपल्यावर पेटीच्या माथ्यावर वडिलांच्या चहाच्या पेल्याचे फिकट वर्तुळ दिसत होते. बोळा हातातच होता, एका फेऱ्यात ते कदाचित पुसले गेले असते. मी बाटलीला बूच लावले.

डावी पेटी अजून तशीच चकचकीत आहे. घरी येणारी मंडळी दोन पेट्यांची झिलई वेगळी का, असे विचारतात. पूर्वी मी काहीतरी सांगून विषय बदलीत असे. आता खरे कारण सांगतो.